‘बदल नको’ असं खरंच कुणी म्हणतं का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘माणसाला मुळात बदल नकोच असतो’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! कचेरीत नवी पद्धत आली, कारखान्यात नवं यंत्र आलं, शाळेत नवा तक्ता भरायला आला, आणि कर्मचाऱ्यांनी जरा कुरकुर केली, की वरच्या खुर्चीतून हे वाक्य हमखास येतं. ऐकणाराही मान डोलावतो. जणू पावसाळ्यात पाऊस पडतो, तसाच कर्मचारी बदलाला विरोध करतो. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

पण थोडं थांबून पाहा. ज्या कारकुनाबद्दल आपण हे बोलतो, तो गेल्या काही वर्षांत घर बदलून आलेला असतो. त्याने कर्ज काढलेलं असतं, मुलीचं लग्न करून दिलेलं असतं. मोबाइलवरून नातवाचे फोटो पाठवायला तो कुणाच्याही आदेशाशिवाय शिकलेला असतो. भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देताना त्याचा हात अडत नाही. मग हाच माणूस सकाळी दहा वाजता कचेरीचा उंबरठा ओलांडला की बदलाचा शत्रू कसा होतो? दोष माणसात असेल, तर तो घरी कुठे जातो?

या प्रश्नाकडे मी वळलो तो स्वतःच्या एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

लाल शाईचे शेरे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. शाखेचं संगणकीकरण चाललं होतं. लेजरमधली खाती एकेक करून संगणकावर चढत होती. आमच्या हेडक्लार्कना सगळे ‘अण्णा’ म्हणत. तीस वर्षांची नोकरी झालेली, अक्षर मोत्यासारखं. हे अण्णा जुनी लेजरं रेकॉर्ड रूममध्ये पाठवायला तयार होईनात. आज पाठवतो, उद्या पाठवतो, असं करत त्यांनी ती आपल्या टेबलामागच्या कपाटात ठेवून दिली. संगणकावरचं काम करायचे, पण मधूनच उठून कपाट उघडायचे. नवीन मुलं हसायची. मी त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्यांच्या नावापुढे दोन शब्द लिहिले, ‘बदलास प्रतिकूल’. लिहिताना मला जराही अवघड वाटलं नाही.

त्या लेजरांत खात्याच्या पानावर सर्वांत वर लाल शाईने शेरे असत. ‘अंगठा’, ‘खातेदारास ऐकू येत नाही’, ‘थोरला मुलगा आल्यास बाईंना विचारल्याशिवाय रक्कम देऊ नये’. हे शेरे कुठल्या नियमात नव्हते. पिढ्यान् पिढ्यांच्या कारकुनांनी अनुभवातून लिहिलेले होते. संगणकाच्या पडद्यावर त्यांना जागा नव्हती. सहीचा नमुना, नाव, पत्ता, शिल्लक, एवढंच.

एके दिवशी अण्णा रजेवर असताना एक माणूस म्हाताऱ्या बाईंना घेऊन आला. आपल्या आत्याचं खातं आहे म्हणाला. पासबुक होतं. बाईंनी अंगठा दिला, त्याने ओळख दिली, पैसे दिले गेले. आठवड्याने खऱ्या खातेदार बाई आल्या आणि सगळा उलगडा झाला. अण्णांनी कपाटातून लेजर काढून माझ्यासमोर ठेवलं. पानावर लाल शाईत लिहिलं होतं : ‘डावा अंगठा. उजवा हात अधू.’ आमच्याकडच्या पावतीवर उजव्या हाताचा ठसठशीत अंगठा होता.

बाईंना पैसे मिळाले, पण चार महिने लागले. तेवढे दिवस त्या एसटीने खेपा घालत होत्या. अण्णा मला एकदाच म्हणाले, ‘‘साहेब, मी संगणकाला नाही कुठं म्हणत होतो? लाल शेरे कुठे लिहायचे, एवढंच विचारत होतो.’’ आणि त्यांनी ते खरोखर विचारलं होतं, दोनदा. मी ‘बघू’ म्हणालो होतो.

पायजम्याच्या कारखान्यातला प्रयोग

ज्याला आपण विरोध म्हणतो तो नेमका कशाला असतो, याचा शास्त्रशुद्ध शोध घेण्याचा एक फार जुना आणि गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन या गावी हारवुड नावाच्या कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामगारांत बहुतेक आसपासच्या डोंगराळ भागातल्या तरुण मुली. मालक आल्फ्रेड मॅरो स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी कुर्ट लेविन या मोठ्या मानसशास्त्रज्ञाला १९३९ पासून सल्ल्यासाठी बोलावलं होतं. पुढे लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथे प्रयोग केले आणि १९४८ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

कारखान्याची अडचण अशी होती. बाजार बदलला की कामाची पद्धत बदलावी लागे. पगार नगावर. नव्या कामात सुरुवातीला नग कमी पडत, म्हणून कंपनी बदली झालेल्यांना भत्ता देत होती. तरीही बायका चिडत, काम सोडून जात. गंमत म्हणजे, मुरलेल्या कामगाराला नव्या कामात हात बसायला कोऱ्या उमेदवारापेक्षा जास्त दिवस लागत. हात तर तेच, उलट सवयीचे. म्हणजे अडचण हाताच्या कौशल्याची नव्हती.

कॉच आणि फ्रेंच यांनी वेगवेगळे गट घेतले. एका गटात इस्त्री करणाऱ्या अठरा जणी होत्या. त्यांच्या कामातला बदल ऐकला तर हसू येईल. आधी त्या अर्धा अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचत, आता ते खोक्यात रचायचे होते. बस्स. व्यवस्थापनाने त्यांची सभा घेतली, स्पर्धेमुळे बदल का करावा लागतोय ते सांगितलं, नवा दर समजावला, प्रश्नांना उत्तरं दिली. आजही अनेक कंपन्यांत याहून जास्त काही होत नाही. निकाल काय लागला? तासाला साठ नगांचं प्रमाण ठरलेलं होतं, हा गट पन्नासच्या आसपास अडकला तो वर चढेना. मुकादमाशी खटके उडू लागले. पहिल्या चाळीस दिवसांत सतरा टक्के बायका काम सोडून गेल्या. नव्या दराबद्दल तक्रार झाली म्हणून तो तपासला, तर थोडा सैलच निघाला!

दुसऱ्या गटांत सुरुवात वेगळी झाली. त्यांच्यापुढे सारखेच दिसणारे दोन कपडे ठेवले. एक आदल्या वर्षीचा, दुसरा चालू वर्षीचा. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. स्वस्त कुठला ते ओळखा, असं सांगितलं. कुणाला ओळखता आलं नाही. खर्च का कमी करायला हवा ते वेगळं सांगावं लागलं नाही. मग विचारलं, की कामातलं काय वगळता येईल? एका गटाने आपले प्रतिनिधी निवडून दिले आणि त्यांच्यामार्फत नवी पद्धत ठरवली. हा गट दोन आठवड्यांत पूर्वपदावर आला. आणखी दोन छोट्या गटांत सगळ्याच जणी चर्चेला बसल्या. तिथे सूचना इतक्या भराभर आल्या की टिपून घेणाऱ्या लघुलेखिकेची तारांबळ उडाली. हे दोन गट सर्वांत लवकर सावरले आणि पूर्वीपेक्षा सुमारे चौदा टक्के जास्त काम करू लागले. चाळीस दिवसांत त्यांतलं कुणीही सोडून गेलं नाही.

कुणी म्हणेल, पहिल्या गटातल्या बायकाच हटवादी असतील. संशोधकांनाही ही शंका आली असावी. पहिला गट मोडून त्यातल्या बायका कारखान्यात इतरत्र पांगल्या होत्या. अडीच महिन्यांनी त्यांतल्या उरलेल्या तेरा जणींना पुन्हा एकत्र आणलं आणि आणखी एका नव्या कामावर नेलं, पण या वेळी त्यांना विचारून, चर्चा करून. त्याच बायका! झपाट्याने त्यांनी जुना वेग गाठला आणि ओलांडला. भांडणं नाहीत, राजीनामे नाहीत.

माझ्या मते सगळ्या विषयाचं सार या तेरा जणींत आहे. विरोध त्यांच्या स्वभावात असता, तर अडीच महिन्यांत तो गेला कुठे?

अहमदाबादचे माग

हे अमेरिकेत झालं, आपल्याकडे कसं चालेल, असं कुणाला वाटेल. आपल्याकडेही झालं आहे. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीने १९५२ साली आपल्या एका शेडमध्ये स्वयंचलित माग बसवले. यंत्रं नवी, कामगार अनुभवी, पण उत्पादन अपेक्षेइतकं येईना आणि कापडात दोष फार. तेव्हा लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस हे तज्ज्ञ तिथे सल्लागार म्हणून होते.

राइस यांनी कामगारांची मनं तपासण्याआधी कामाची मांडणी पाहिली. २२४ माग, २९ कामगार आणि कामं बारा प्रकारची. विणकर वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. त्यातून विणकराकडे जेवढे माग, त्याहून जास्त कांड्या भरणाऱ्याकडे, त्याहूनही जास्त धागे सांधणाऱ्याकडे. म्हणजे कुणाचं काम कुणाशी जोडलेलं आहे, याचा मेळच नाही. धागा तुटला तर हाक कुणाला मारायची आणि तो दुसऱ्याच्या मागावर गुंतला असेल तर बोलणी कुणी खायची? कामगार ‘नव्या यंत्राशी जुळवून घेत नाहीत’ असं दिसत होतं. प्रत्यक्षात यंत्राभोवती माणसं अशी पसरली होती की कुणालाच कुणाचा आधार नव्हता.

ठरावीक मागांची जबाबदारी एका छोट्या गटाने एकत्र घ्यावी, अशी कल्पना १९५३ च्या मार्चमध्ये पुढे आली. सुपरवायझर आणि कामगार यांनी ती ताबडतोब उचलली. कोण कुठल्या गटात, हे त्यांनी आपसांतच ठरवलं. सुरुवातीला चढउतार झाले. पण घडी बसल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली, आणि सदोष कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० वर आलं. माग तेच होते, माणसंही तीच होती. पुढे १९७० साली तिथे पुन्हा पाहणी झाली, तेव्हा काही ठिकाणी ही गटपद्धत टिकून होती, तर काही ठिकाणी ती मोडून कामं जुन्या वळणावर गेली होती. एकदा बसवलेली घडी सांभाळावीही लागते.

जेव्हा भीती खरी असते

आता दुसरी बाजू. चर्चा केली, गट केले, की सगळे विरोध विरघळतात असं समजणं भाबडेपणाचं होईल. काही वेळा माणसं विरोध करतात, कारण त्यांना परिस्थिती व्यवस्थित समजलेली असते.

मुंबईच्या गिरणगावात १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने संपावर होते. त्यामागे एक मोठं कारण होतं ते मालकांच्या ‘सुसूत्रीकरणा’चं. काही गिरण्यांत विणकराने दोन सांच्यांऐवजी तीन सांचे चालवावेत, असं सांगितलं जात होतं. कामगारांचं गणित सोपं होतं. तिघांचं काम दोघं करणार, मग तिसऱ्याने जायचं कुठे? याला ‘बदलाची भीती’ म्हणणं म्हणजे पोटाच्या प्रश्नाला मनाचा आजार ठरवणं.

बँकांतही तसंच. संगणकाला कर्मचारी संघटनांचा विरोध होता, हे आपण ऐकतो. पण १९८३ साली बँका आणि संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराबद्दल करार झाला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. यंत्रं किती, कुठे, कशासाठी, यांच्या मर्यादा ठरवून संघटनांनी त्यांना वाट दिली. पुढे त्या मर्यादा सैल होत गेल्या. आणि २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. माणसं कमी होतील, ही शंका हवेतली नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात ते असं.

अमेरिकेतल्या एरिक डेंट आणि सुझन गोल्डबर्ग या अभ्यासकांनी १९९९ साली एका लेखात हाच मुद्दा नेमका मांडला. माणसं बदल म्हणून बदलाला विरोध करत नाहीत. ती पगार, प्रतिष्ठा किंवा सोय गमावण्याला विरोध करतात. कुणाला बढती मिळते, तोही बदलच. त्याला कोण विरोध करतं? त्या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. लेविनने जेव्हा विरोधाची कल्पना मांडली, तेव्हा तो सगळ्या व्यवस्थेतल्या ताणांबद्दल बोलत होता. त्यात मालक, कामगार, नियम, सवयी सगळे आले. पुढे पाठ्यपुस्तकांतून हा विरोध सरकत सरकत एकट्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात जाऊन बसला. त्यात व्यवस्थापनाची मोठी सोय होती. योजना फसली की तिच्यात काय चुकलं हे पाहण्याची गरजच उरली नाही.

विचारल्याचं नाटक

हारवुडचा प्रयोग वाचून अनेकांना वाटलं, की चला, किल्ली सापडली. सभा घ्या, चहा-बिस्किटं द्या, मतं विचारा, आणि ठरलेलं तेच करा. पण नॉर्वेमधल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात तसाच प्रयोग झाला. त्याचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यात फ्रेंच स्वतः सहभागी होते. तिथे चर्चेत सहभागी झालेले गट आणि न झालेले गट यांच्या उत्पादनात फरक पडला नाही. एक कारण असं दिसलं, की कामगारांना ज्या बाबींवर ठरवायला दिलं होतं त्या फारशा महत्त्वाच्या नव्हत्या. मुख्य निर्णय आधीच झालेले होते.

हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. ‘तुमच्या सूचनांचं स्वागत आहे’ अशी पेटी अनेक कचेऱ्यांत असते. ती शेवटची कधी उघडली, हे शिपायालाही आठवत नाही. अशा वेळी माणसं उघड भांडत नाहीत. मान डोलावतात आणि आपली जुनी वही ड्रॉवरमध्ये ठेवून काम चालवतात. नव्याचे नऊ दिवस सरले की साहेब म्हणतात, बघा, मनापासून स्वीकारलंच नाही.

मग करायचं काय? मला स्वतःला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. ते बदल आणणाऱ्याने स्वतःलाच विचारायचे आहेत. पहिला : या बदलात कुणाचं काय जाणार आहे? पैसा, वेळ, मान, शेजारी बसणारा जुना सोबती, की तीस वर्षांत कमावलेलं कसब? जे जाणार आहे ते मोकळेपणी सांगावं आणि शक्य तिथे भरून द्यावं. नोकऱ्या जाणार असतील, तर ‘प्रगतीचा प्रवास’ वगैरे शब्द वापरू नयेत. त्याची बोलणी पगाराच्या आणि हक्काच्या टेबलावरच व्हायला हवीत. दुसरा : खरोखर काय अजून ठरायचं आहे? जेवढं ठरायचं असेल तेवढ्यावरच मत विचारावं, पण मग ते मत ऐकून काहीतरी बदललं पाहिजे. आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : कुरकुर करणाऱ्याला असं काय दिसतंय, जे मला दिसत नाही? काम रोज करणाऱ्याला त्याचे खाचखळगे माहीत असतात. तो आडमुठा असू शकतो, चुकूही शकतो. पण हे त्याचं ऐकल्यावरच कळतं, आधी नाही.

आज पुन्हा कचेऱ्यांत मोठी उलथापालथ चालू आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता पत्रं लिहिते आहे, हिशेब तपासते आहे, ग्राहकाशी बोलते आहे. पुन्हा तेच वाक्य ऐकू येतं, की लोकांना बदल नको असतो. एखाद्या कचेरीत एखादी बाई म्हणत असेल, ‘‘हे सगळं ठीक आहे, पण अशा अर्जाचं काय करायचं?’’ तिचा तो ‘पण’ विरोधाच्या रकान्यात टाकायचा की कामाच्या माहितीत, हे कुणीतरी साहेब या क्षणी ठरवत असेल.

बाईंच्या त्या प्रकरणानंतर आमच्या शाखेत एक साधी गोष्ट झाली. संगणकात ‘पत्ता’ या रकान्यात तिसरी ओळ रिकामी असायची. तिथे शेरे भरायचं ठरलं. ही युक्ती अण्णांनीच सुचवली. त्यांनी आणि दोन नव्या मुलांनी मिळून दीड महिन्यात सगळी लेजरं पालथी घातली. काम संपल्यावर अण्णांनी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, ‘‘आता खुशाल पाठवा रेकॉर्ड रूमला.’’

त्या वर्षीच्या अहवालात मी वेगळं लिहिलं. पण आधीच्या वर्षीचे माझे ते दोन शब्द त्यांच्या फायलीत तसेच राहिले. ते खोडता येत नाहीत, असा नियम होता.